नायट्राइट ‘आढळले नाही’ असं लिहिण्याआधी

नायट्राइटची चाचणी नव्या माणसाच्या हातात पहिल्याच आठवड्यात देतात, कारण ती सोपी आहे. पाच मिली पाणी घ्या, दोन रिएजंट (म्हणजे चाचणीची रसायनं) घाला, दहा मिनिटं थांबा. गुलाबी झालं तर नायट्राइट आहे, नाही झालं तर नाही. मलाही अशीच शिकवली होती. ‘गुलाबी झालं तर आहे’ हे बहुतेक वेळा खरं निघतं. ‘नाही झालं तर नाही’ यावर विसंबून मात्र मी एकदा सपशेल तोंडावर पडलोय.

एका तलावाचे बावीस नमुने होते. तीन आठवडे फ्रिजमध्ये ठेवलेले, माझ्याकडे आले ते गाळलेले, लेबल लावलेले, काचेसारखे स्वच्छ. एकाही ट्यूबला रंग आला नाही आणि मी खुशीत बावीस वेळा ‘आढळले नाही’ लिहून टाकलं. विभागातल्या मॅडमनी तो कागद पाहिला. काही न बोलता त्यांनी एका बाटलीतलं पाणी ट्यूबमध्ये घेतलं, त्यात माझ्याच स्टँडर्डचे, म्हणजे नायट्राइटचं प्रमाण आधीच ठाऊक असलेल्या द्रावणाचे, काही थेंब टाकले, शेजारच्या ट्यूबमध्ये डिस्टिल्ड वॉटर घेऊन तेवढेच थेंब टाकले आणि मला म्हणाल्या, रिएजंट घाल. दहा मिनिटांनी डिस्टिल्ड वॉटरची ट्यूब गुलबक्षीच्या फुलासारखी झाली होती. तलावाच्या पाण्याची ट्यूब मात्र लाल साडी धुतल्यावर बादलीत उरलेल्या तिसऱ्या पाण्यासारखी, म्हणजे छटा आहे की भास आहे कळू नये इतकी फिकी.

“आता सांग, यात नायट्राइट नव्हतं, की होतं आणि तुला दिसलं नाही?”

लेबलवर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: सोडियम अझाइड, ०.०२ टक्के. जिवाणू वाढू नयेत म्हणून कुणीतरी चांगल्या हेतूनं टाकलेलं. गंमत अशी की त्याच टेबलावर पलीकडे विरघळलेल्या ऑक्सिजनची विंकलर चाचणी चालायची आणि तिच्या अल्कली-आयोडाइडच्या बाटलीत अझाइड घातलेलं असतं ते मुद्दाम, नायट्राइट मारण्यासाठी. हे मला पाठ होतं. दोन गोष्टी जोडून बघायचं सुचलं नव्हतं, इतकंच.

साठवलेल्या नमुन्यावर नायट्राइट करायला बसलात की मॅडमचा तो प्रश्न प्रत्येक बाटलीला विचारायचा. कसा विचारायचा ते पुढे टप्प्याटप्प्यानं सांगतो. उदाहरणं मुख्यतः पाण्याची आहेत. पेशींचं मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) किंवा प्लाझ्मा (रक्तातलं पेशींवेगळं द्रव) तपासणाऱ्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलंय.

ट्यूबमध्ये नेमकं काय होतं

ही क्रिया ग्रीसची. योहान पीटर ग्रीस या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८५८मध्ये डायझो संयुगं शोधली आणि नायट्राइटची रंगक्रिया १८७९मध्ये मांडली. तेव्हा तो इंग्लंडमध्ये बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या एका बिअरच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याच्या काळातली रसायनं आता बदलली आहेत. जुन्या पुस्तकात अल्फा-नॅफ्थिलअमाइनची कृती सापडली तर ती करू नका, ते कर्करोगाच्या भीतीमुळे मागे पडलं. आता सल्फानिलअमाइड आणि नॅफ्थिल-एथिलीनडायअमाइन ही जोडी वापरतात. दुसऱ्याला सगळे एनईडीच म्हणतात.

नायट्राइट आम्लात गेलं की त्याचं नायट्रस आम्ल होतं. ते सल्फानिलअमाइडशी जुळून डायझोनियम क्षार तयार होतो. हा क्षार एनईडीशी जुळला की गुलाबी-जांभळा अझो रंग, आणि तो आपण स्पेक्ट्रोफोटोमीटरवर (रंग किती प्रकाश शोषतो ते मोजणाऱ्या यंत्रावर) ५४३ नॅनोमीटरला वाचतो.

यात दोन क्षण नाजूक आहेत. पहिला म्हणजे नायट्रस आम्ल तयार झालंय पण सल्फानिलअमाइडपर्यंत पोचलेलं नाही. पंगतीत जिलबीचं ताट निघावं आणि पाहुण्यांच्या पानापर्यंत पोचायच्या आत दारात बसलेल्या पोरांनीच ते रिकामं करावं, तसा प्रकार इथे होतो. अझाइड, व्हिटॅमिन सी, सल्फाइड ही ती पोरं. दुसरा क्षण म्हणजे डायझोनियम क्षार तयार आहे आणि एनईडी अजून यायचंय. हा क्षार काही तास वाट बघत बसणाऱ्यातला नाही, आणि तांब्यासारखा धातू असेल तर तो आणखी लवकर मोडतो.

लक्षात घ्या, अझाइड बाटलीत नायट्राइटच्या शेजारी तीन आठवडे गुण्यागोविंदानं राहिलं असेल. भांडण लागतं ते आपण आम्ल घातल्यावर. म्हणजे नमुना बिघडलेला नसतोच, तो आपण टेबलावर, डोळ्यांदेखत बिघडवतो. हिशेब बघा: ०.०२ टक्के अझाइड म्हणजे लिटरला सुमारे ३ मिलिमोल. तलावाच्या पाण्यात लिटरला ०.०५ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन (नायट्राइटमधल्या फक्त नायट्रोजनचं वजन) असेल तर ते साडेतीन मायक्रोमोलच्या आसपास. एका जिलबीमागे साडेआठशे पोरं.

पायरी १: बाटलीत काय टाकायचं नाही

आम्ल टाकायचं नाही. नवे लोक सगळ्यात जास्त इथे चुकतात, कारण प्रयोगशाळेत अमोनिया, सीओडी (सेंद्रिय प्रदूषणाची एक चाचणी) वगैरेंसाठी सल्फ्युरिक आम्ल टाकलेल्या बाटल्यांची रांग तयारच असते आणि हात सवयीनं तिकडे जातो. आम्लात नायट्राइट टिकत नाही, काही नायट्रेट होतं, काही नायट्रिक ऑक्साइड वायू होऊन उडून जातं. गोंधळ वाढवायला अमेरिकी नियमांत ‘नायट्रेट आणि नायट्राइट मिळून’ अशी वेगळी नोंद आहे. तिथे पीएच २च्या खाली आणून २८ दिवस ठेवायची परवानगी आहे. ती बेरजेसाठी. एकट्या नायट्राइटसाठी त्याच नियमांत ६ अंश सेल्सियस किंवा त्याखाली थंड ठेवून ४८ तास, एवढंच आहे.

अझाइड टाकायचं नाही, हे सांगून झालं. एक सुरक्षेची गोष्ट मात्र राहिली. अझाइड असलेलं पाणी सिंकमध्ये ओतू नका. शिशाच्या किंवा तांब्याच्या पाइपात त्याचे स्फोटक क्षार साठतात, आणि आम्लाशी गाठ पडली तर विषारी हायड्रॅझोइक आम्लाची वाफ निघते.

समुद्राच्या पाण्यावर काम करणारे मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते विष आहे, त्याच्या कचऱ्याची सोय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. जिवाणू तपासणीच्या निर्जंतुक बाटलीत थायोसल्फेट असतं, ती बाटलीही नायट्राइटसाठी घेऊ नका. वेगळी, कोरी पॉलिथिनची बाटली घ्या. नायट्रिक आम्लानं धुतलेली नको.

पायरी २: गाळणं, गार करणं, गोठवणं

जिवाणूंचा बंदोबस्त रसायनानं नाही तर गाळणीनं आणि बर्फानं करायचा. पाण्यात अमोनियाचं नायट्राइट करणारे जिवाणू असतात, नायट्राइटचं नायट्रेट करणारे असतात आणि नायट्रेटपासून उलटं नायट्राइट करणारेही असतात. म्हणून साठवलेल्या बाटलीत आकडा कमीच होईल असं नाही, वाढूही शकतो. जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या मेंब्रेनमधून गाळा. मेंब्रेनवरून आधी डिस्टिल्ड वॉटर सोडा, मग नमुन्याचे पहिले काही मिली टाकून द्या. सेल्युलोज नायट्रेटचं मेंब्रेन या कामाला घेऊ नये, नावातच काय ते आलं.

मग बर्फाची पेटी, आणि शक्यतो त्याच दिवशी चाचणी. दोन दिवसांत जमणार नसेल तर उणे २० अंशांना गोठवा. बाटली पाऊण भरा, नाहीतर फुटते. वितळवायची एकदाच, खोलीच्या तापमानाला, आणि वितळली की लगेच मोजायचं. उरलेलं परत गोठवून ‘नंतर बघू’ हा प्रकार नको.

गोठवण्यातही एक मेख आहे, फार कमी लोकांना माहीत असलेली. पाणी गोठताना शुद्ध बर्फ आधी तयार होतो आणि विरघळलेले पदार्थ बर्फाच्या कणांमधल्या उरलेल्या चिंचोळ्या द्रवात दाटीनं गोळा होतात. पाणी थोडं आम्लधर्मी असेल तर त्या दाटीत नायट्राइट आणि ऑक्सिजन यांची क्रिया एरवीपेक्षा कितीतरी पटींनी वेगात होते आणि नायट्राइटचं नायट्रेट होऊन बसतं. जपानी संशोधकांनी १९९०च्या दशकात हे दाखवून दिलं. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असल्यानं सहसा धोका नसतो. पावसाचं पाणी गोठवणाऱ्यानं मात्र आधी पीएच बघावा आणि सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबानं ते किंचित अल्कधर्मी करून मगच गोठवावं. चाचणीच्या वेळी पीएच परत ५ ते ९ मध्ये आणायचा.

पायरी ३: बाटलीची चौकशी

चाचणीआधी पाच मिनिटं घालवून बाटलीचं कूळ विचारा. कुठलं पाणी, कुणी भरलं, काय टाकलं. माझी चौकशीची यादी अशी आहे.

क्लोरीन आहे का? ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी असेल तर टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलं असणारच. जलसुरक्षक करतो ती ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीनची क्लोरीन-चाचणी, तुम्हीही बाटलीवर करून घ्या. मुक्त क्लोरीन आणि नायट्राइट एका भांड्यात फार वेळ नांदत नाहीत, एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनमागे सुमारे पाच मिलिग्रॅम क्लोरीन खर्च होतं. लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलं असेल तर ते ०.०४ मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजन गिळू शकतं. या नमुन्यात टाकलेलं स्टँडर्ड गायब झालं तर तो चाचणीचा दोष नाही, पाण्याचा गुणच आहे. उलटा धोकाही आहे: अमोनिया आणि क्लोरीन मिळून नायट्रोजन ट्रायक्लोराइड झालं असेल तर रिएजंट घालताच खोटा लाल रंग येतो.

लोह आहे का? काही बोअरचं पाणी उपसताना नितळ असतं आणि बादलीत तासाभरात तांबूस होतं. ते नितळ पाणी फसवं. त्यात विरघळलेलं फेरस लोह असतं, आणि आम्ल मिळालं की तेच नायट्रस आम्लाचं नायट्रिक ऑक्साइड करून मोकळं होतं. अशा पाण्यात बाटलीतसुद्धा नायट्राइट हळूहळू घटतं, त्यामुळे थांबून उपयोग नाही. नंतर गंज होऊन बसलं की गढूळपणा येतो आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर त्यालाही रंग समजतो.

तांबं? शेततळ्यात शेवाळावर मोरचूद टाकलंय का, हा प्रश्न शेतकऱ्याला विचारल्याशिवाय उत्तर मिळत नाही. तांबं डायझोनियम क्षार मोडतं, आकडा कमी येतो.

सल्फाइड? झाकण उघडून वास घ्या, म्हणजे अगदी नाक खुपसून नव्हे, हातानं हवा ओढून. सडक्या अंड्याचा वास आला तर रंगावर विश्वास ठेवू नका. गटार, सेप्टिक टँकचं पाणी, ऑक्सिजन संपलेलं तळाचं पाणी यांत हे सापडतं. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, गोव्याच्या समोरच्या उथळ समुद्रात, पावसाळ्याच्या अखेरीला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तळाजवळचा ऑक्सिजन संपतो आणि कधी कधी हायड्रोजन सल्फाइडपर्यंत मजल जाते. खोल अरबी समुद्रात, काहीशे मीटर खाली, ऑक्सिजन नसलेल्या थरात मात्र नायट्राइटचा ठळक उंचवटा सापडतो. समुद्रशास्त्रवाल्यांना हे आकडे इतके प्यारे का असतात आणि नमुना जहाजावरच मोजून टाकण्याची त्यांना घाई का असते, ते यावरून कळेल.

भांडी कशानं धुतली? हा प्रश्न बाटलीला नाही, धुणाऱ्या मामांना विचारायचा. क्षार बसलेली काच साफ करायच्या पावडरीत बऱ्याचदा सल्फामिक आम्ल असतं. ते नायट्राइटचा सरळ नायट्रोजन वायू करतं. नीट न विसळलेला एक फ्लास्क अख्ख्या दिवसाची स्टँडर्डं खराब करायला पुरतो.

पायरी ४: चाचणी

इथे फारसं सांगण्यासारखं नाही, कृती सगळीकडे छापलेली असते. सल्फानिलअमाइड १ टक्का, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात. एनईडी ०.१ टक्का, पाण्यात, गडद बाटलीत आणि फ्रिजमध्ये. ते तपकिरी झालं की फेकून द्या, ‘अजून चालतंय’ म्हणू नका. पाच मिली नमुन्यात ०.१ मिली सल्फानिलअमाइड, हलवा, पाच मिनिटं, मग ०.१ मिली एनईडी, हलवा, दहा मिनिटं. दोन तासांच्या आत वाचा. दोन्ही एकत्र केलेला रिएजंटही मिळतो आणि स्वच्छ पाण्याला तो चालतो. संशयाच्या नमुन्याला मी एकेक करूनच घालतो, म्हणजे सल्फानिलअमाइडला नायट्रस आम्लावर आधी हात मारता येतो. शेवटी ट्यूबचा पीएच २ ते २.५ असायला हवा. नमुन्यात जोरदार बफर असेल तर पट्टी लावून खात्री करा.

स्टँडर्ड सोडियम नायट्राइटचं. १.२३२ ग्रॅम एक लिटरमध्ये म्हणजे लिटरला २५० मिलिग्रॅम नायट्रोजन. पावडर ओलावा धरते आणि हवेत हळूहळू नायट्रेट होते, म्हणून गोळे झालेल्या जुन्या डब्यातून वजन करू नका. आणि एकक लिहा! नायट्रोजन म्हणून की नायट्राइट म्हणून, यात ३.२८ पटींचा फरक पडतो. जागतिक आरोग्य संघटनेचं पिण्याच्या पाण्याचं ३ मिलिग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य नायट्राइट म्हणून आहे, अमेरिकेची १ मिलिग्रॅमची मर्यादा नायट्रोजन म्हणून. दोन्ही जवळजवळ एकच गोष्ट सांगतात, पण एकक न बघणाऱ्याला एक दुसऱ्याच्या तिप्पट वाटते.

प्रत्येक रंगीत किंवा किंचित गढूळ नमुन्याची एक जास्तीची ट्यूब ठेवा: सल्फानिलअमाइड घालायचं, एनईडी घालायचं नाही. तिचं रिडिंग म्हणजे पाण्याचा स्वतःचा रंग, तो वजा करायचा.

ब्लँकच, म्हणजे नमुन्याऐवजी नुसतं डिस्टिल्ड वॉटर घेतलेली ट्यूबच, गुलाबी झाला तर? मग चोर बाहेर शोधा. जवळ गॅसचा बर्नर चालू आहे का, त्याच्या ज्योतीतून नायट्रोजनचे ऑक्साइड निघतात आणि उघड्या पाण्यात उतरतात. शेजारच्या फ्यूम हूडमध्ये धातूंसाठी नायट्रिक आम्लात नमुने उकळत आहेत का? डिस्टिल्ड वॉटरचा कॅन कितव्या दिवशीचा आहे? मेंब्रेन, हातमोजे, ट्यूबची झाकणं, एकेक बदलून बघा.

रंग आधी चढला आणि मग तपकिरी-पिवळट झाला तर नायट्राइट कमी नाही, फारच जास्त आहे. दहापट, शंभरपट पातळ करून पुन्हा करा.

पायरी ५: स्पाइक

या लेखातलं दुसरं काहीही विसरलात तरी हे विसरू नका. नमुन्यात ओळखीचं नायट्राइट टाकायचं आणि ते परत सापडतं का बघायचं.

१० मिली नमुना घ्या. त्यात लिटरला ५ मिलिग्रॅम नायट्रोजन असलेलं स्टँडर्ड ०.१ मिली टाका. भर पडली ०.०४९५ मिलिग्रॅम प्रतिलिटरची. एक सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (यंत्रात ठेवायच्या चौकोनी नळीत) एवढ्याची शोषकता ०.१७च्या आसपास यायला हवी, म्हणजे डोळ्यांनाही स्वच्छ दिसेल असा रंग. आता समजा मूळ नमुना ०.०१२ आला आणि स्पाइक केलेला ०.०५९. फरक ०.०४७, त्याला ०.०४९५ने भागलं की रिकव्हरी, म्हणजे टाकलेल्यातलं परत सापडलेलं, ९५ टक्के. हा नमुना खरं बोलतोय. दुसरा नमुना: मूळ ०.००२, स्पाइक ०.०११, फरक ०.००९, रिकव्हरी १८ टक्के. याचा ०.००२ हा आकडा कागदावर जाऊ द्यायचा नाही.

पण कमी रिकव्हरीवरून एवढंच कळतं की टेबलावर काहीतरी नायट्राइट खातंय. फ्रिजमध्ये काय झालं ते कळत नाही. त्यासाठी स्पाइक दोनदा करायचा. नमुना भरतानाच एका जादा बाटलीत स्टँडर्ड टाकून ठेवा, हा जागेवरचा स्पाइक. दुसरा चाचणीच्या टेबलावर, रिएजंटच्या आधी. दोन्ही पूर्ण परत आले तर निश्चिंत व्हा. टेबलावरचा पूर्ण परत आला आणि जागेवरचा हरवला तर गुन्हा साठवणीत घडलाय: जिवाणू, क्लोरीन, लोह किंवा गोठवण्यातली ती मेख. दोन्ही हरवले तर आधी टेबलावरची रसायनं तपासा, कारण तिथला गोंधळ मिटेपर्यंत साठवणीबद्दल काहीच म्हणता येत नाही.

जागेवरचा स्पाइक लोक करत नाहीत. बाटली जादा लागते, स्टँडर्ड बर्फात घेऊन जावं लागतं, पिपेट गाडीत हरवतं. मी दहा नमुन्यांमागे एक करतो आणि त्यावर कुणाशी वाद घालत नाही.

याला जोडून पातळ करण्याची चाचणी करा. नमुना पाचपट पातळ करून मोजा आणि उत्तराला पाचनं गुणा. मूळ आकड्याशी जुळलं तर बरं. गुणून आलेलं उत्तर मूळपेक्षा मोठं आलं तर अडथळा आहे, आणि पातळ केल्यानं तो सैल पडला. अर्थात यासाठी मुळात मोजण्याइतकं नायट्राइट हवं.

पायरी ६: मग काय करायचं

माझा हिशेब असा आहे, तुमच्या प्रयोगशाळेचा वेगळा असेल तर तो पाळा. रिकव्हरी ८५ ते ११५ टक्के आली तर आकडा द्यायचा. ५० ते ८५ असेल तर पातळ करून बघायचं, नाहीतर त्याच नमुन्यात तीन वेगवेगळ्या मात्रांचं स्टँडर्ड टाकून रेषा काढायची आणि ती मागे वाढवून मूळ आकडा शोधायचा. ही स्टँडर्ड अ‍ॅडिशन अडथळा ठरावीक प्रमाणात खात असेल तरच चालते. फ्रिजमध्ये गेलेलं नायट्राइट तिनं परत येत नाही, आणि पाण्याचा स्वतःचा रंगही तिनं जात नाही. रिकव्हरी ५०च्या खाली असेल तर या पद्धतीनं आकडा देऊ नये.

अशा वेळी आयन क्रोमॅटोग्राफ (पाण्यातले आयन एकेक वेगळे करून मोजणारं यंत्र) कुठे मिळतो का बघा. त्यात आम्लाचा खेळच नाही, त्यामुळे अझाइड असूनही नायट्राइटचं शिखर वेगळं दिसू शकतं. तिथे दुसरं दुखणं आहे: नायट्राइट क्लोराइडच्या पाठोपाठ बाहेर येतं, आणि खाडीच्या किंवा खाऱ्या विहिरीच्या पाण्यात क्लोराइडचा डोंगर त्याला झाकून टाकतो. २१० नॅनोमीटरच्या आसपास अतिनील शोषकता बघणारा डिटेक्टर असेल तर क्लोराइड जवळजवळ दिसत नाही आणि काम होतं.

मीडियम आणि प्लाझ्मावाल्यांसाठी

तुमच्याकडे चोर वेगळे आहेत, चाल तीच. व्हिटॅमिन सी नायट्रस आम्लाचं नायट्रिक ऑक्साइड करतं. लघवीच्या नायट्राइट पट्टीवर ‘व्हिटॅमिन सी घेत असल्यास निकाल खोटा नकारात्मक येऊ शकतो’ असं लिहिलेलं असतं ते याचमुळे, ती पट्टीही ग्रीसचीच लेक. ग्लुटाथायोन, डीटीटी, मर्कॅप्टोइथेनॉल यांचे थायोल गट नायट्रस आम्लाला धरून नायट्रोसोथायोल करतात. नायट्रेट रिडक्टेज वापरून नायट्रेटही मोजत असाल तर त्यासाठी घातलेलं एनएडीपीएच स्वतःच रंग दाबतं, ते कमीत कमी घालून ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेजच्या जोडीनं फिरतं ठेवावं लागतं. आणि आरपीएमआय-१६४० मीडियममध्ये कॅल्शियम नायट्रेट मुळातच असतं, लिटरला १०० मिलिग्रॅम. त्यामुळे ‘पेशींनी किती नायट्रेट केलं’ हा प्रश्न त्या मीडियममध्ये विचारण्यात अर्थ नाही.

रक्ताचं तर आणखी अवघड. ऑक्सिहिमोग्लोबिन नायट्राइटचं नायट्रेट करतं, म्हणून रक्त काढल्यावर प्लाझ्मा लगेच वेगळा करायला हवा. फुटलेल्या तांबड्या पेशींचा रंग ५४०लाच वाचला जातो. हेपरिनच्या प्लाझ्मात रिएजंट घालताच साका येऊ शकतो. प्रथिनं काढायला गाळणीच्या ट्यूब वापरत असाल तर त्या आधी पाण्यानं धुऊन त्या धुवणाचाच ब्लँक घ्या. एवढं करूनही उपाशीपोटीच्या माणसाच्या प्लाझ्मातलं नायट्राइट एक मायक्रोमोलच्या बरंच खाली असतं, साध्या ग्रीसच्या आवाक्यात ते येत नाही.

पायरी ७: अहवालात काय लिहायचं

नमुना कधी भरला, कधी गाळला, किती अंशांवर किती तास ठेवला, बाटलीत काय होतं, स्पाइक कुठे टाकला आणि किती टक्के परत आला, हे आकड्याच्या शेजारी लिहा. ‘आढळले नाही’ लिहायचं तर मोजता येणारी किमान पातळी आणि रिकव्हरी दोन्ही जोडा.

त्या बावीस नमुन्यांचं पुढे काही करता आलं नाही. आमच्याकडे तेव्हा क्रोमॅटोग्राफ नव्हता. आम्ही तलावावर परत गेलो, नव्या बाटल्या भरल्या, काठावर बसून गाळल्या, बर्फात घालून आणल्या आणि रात्री नऊपर्यंत बसून मोजल्या. जुन्या अहवालावरचे बावीस ‘आढळले नाही’ मी खोडले आणि मॅडमनी सांगितलं ते वाक्य लिहिलं: “नमुन्यात सोडियम अझाइड असल्याने या पद्धतीने नायट्राइट मोजता आले नाही. स्पाइक रिकव्हरी १८ टक्के.”